ओरडणारा गोलकीपर

मासेरू, ३ मार्च

लेफा,

फाडायचंच असेल तर दुसरं पान वाचून फाड. पहिल्या पानावर मी आहे, दुसऱ्यावर संघ आहे, आणि संघाने तुझं काही वाकडं केलेलं नाही.

फोन केला असता, पण तुझा नंबर तुझ्या आईकडे आहे आणि ती देत नाही. म्हणाली, "लिहा. सबंध आयुष्यात त्याच्यावर एकच कागद लिहिलात, आता दुसरा लिहा." म्हणून लिहितो. वेल्कोमची टॅक्सी चालवणारे न्ताते रापित्सो हे पाकीट तुझ्या टायरच्या दुकानात आणून देतील. सोबतचे वाळवलेले पीच तिचे आहेत. माझे समजून टाकून देऊ नकोस.

मी लष्करातून निवृत्त झालो हे तुला तिने सांगितलंच असेल. आता राष्ट्रीय संघात मदतनीस प्रशिक्षक आहे. म्हणजे शंकू मांडतो, शिट्टी वाजवतो आणि अहवाल लिहितो. आजवर समोरच्या संघाच्या उणिवा लिहीत आलो. या वेळी कोच लेतुका म्हणाले, "न्ताते मोखेले, त्यांच्या उणिवा मला पाठ आहेत. तुम्ही आपल्या लिहा. दोष काढण्यात तुमचा हात कोण धरणार?" सगळे हसले. मीही हसलो, कारण न हसणं बरं दिसलं नसतं.

सतरा तारखेला दुपारी तीनला मोझांबिकशी सामना आहे. बरोबरी झाली तरी आपण पुढच्या फेरीत, हरलो तर दोन वर्षं घरी. आता यादी ऐक.

आपलं मैदान मोठ्या सामन्यांना मंजूर नाही, म्हणून घरचा सामना ब्लूमफाँटेनला, परक्या देशात. समुद्रसपाटीपासूनची आपली उंची तिथे दोनशे मीटरने कमी होते. समुद्रकाठून येणाऱ्या मोझांबिकच्या छात्यांना तेवढी भेट आपण सुरुवातीलाच देतो आहोत. त्यांचे सात जण परदेशात पगारावर खेळतात. आपल्यातले अकरा जण लष्करात, पोलिसात नाहीतर तुरुंगखात्यात नोकरी करतात आणि सरावाला साहेबाची चिठ्ठी आणावी लागते. डावा बचावपटू कालपर्यंत सरहद्दीवर पहाऱ्याला होता, दोन रात्री झोपलेला नाही, तो सरावात उभ्याउभ्या डुलक्या काढतो.

याला इलाज आहेत. ज्याला नाही ते आता लिहितो. त्साने, आपला पहिला गोलकीपर, मामाच्या गावी घोड्यांच्या शर्यतीत उतरला आणि मनगट मोडून घेतलं. घोडा जिंकला. दुसरा गोलकीपर थेबे. वय वीस, हात लांब, नजर तुझ्यापेक्षा तेज. पण तो साधा शिपाई आहे, आणि त्याच्या पुढे मधल्या बचावात उभा राहतो सार्जंट मोहापी, छावणीतल्या त्याच्याच तुकडीचा सार्जंट. थेबे त्याच्यावर ओरडत नाही. तोंडात मिठाची गुळणी धरून उभा असतो. गोलकीपर ओरडला नाही तर बचावाला पाठीला डोळे कुठून येणार?

यादी मी लिहून दिली. शेवटची उणीव: गोलकीपर ओरडत नाही.

त्या जुन्या प्रकरणात नियमाने जे व्हायचं ते झालं. त्यावर मी काही लिहीत नाही. प्रकृती सांभाळ.

तुझा बाप,
मोखेले

मासेरू, ७ मार्च

लेफा,

न्ताते रापित्सोंनी सांगितलं की तू पत्र घेतलंस, उघडलं नाहीस, खिशात घातलंस, आणि पीच तिथेच उभ्याने खाल्लेस. त्यांनाही एक दिलास. तुझी आई दिवसभर हे सांगत फिरते आहे. पत्राचं काय झालं ते तिने विचारलंही नाही.

मागच्या पत्रात मी ताकाला जाऊन भांडं लपवलं. आता सरळ विचारतो. तू येऊन खेळशील का?

रापित्सो म्हणतात, रविवारी तू तिथल्या संघाच्या गोलात उभा असतोस आणि तुझा आवाज टॅक्सीतळापर्यंत येतो. तिथले ड्रायव्हर तुला भोंगा म्हणतात. मला तो भोंगा हवा आहे. बारा तारखेला दुपारी बारापर्यंत तेवीस नावांची यादी जायची आहे. कोच लेतुकांना मी तुझं नाव सांगितलं. ते म्हणाले, "घेऊन या, बघतो." पासपोर्टचा क्रमांक तुझ्या आईकडे आहे, पण तू हो म्हटल्याशिवाय ती तो देणार नाही. कपाटाला कुलूप लावून किल्ली ब्लाऊजमध्ये ठेवली आहे. सत्तेचाळीस वर्षांची बाई.

काल पोलिसांच्या संघाशी सरावाचा सामना केला. कॉर्नर आला. चेंडू सरळ थेबेच्या हातात येत होता, त्याने फक्त "माझा!" म्हणायचं होतं. एक शब्द. मी बाकावरून पाहत होतो. त्याचं तोंड उघडलं आणि त्यातून काय आलं माहीत आहे? "सार्जंट, साहेब, परवानगी असेल तर..." तोवर मोहापीने उडी मारली होती. दोघं एकमेकांवर आदळले आणि चेंडू आपसूक जाळ्यात गेला. पोलिसांचा पुढचा खेळाडू हसून खाली बसला. आणि जमिनीवर पडलेल्या थेबेने, लेफा, पडल्यापडल्या टाचा जुळवल्या.

मोहापी त्याला म्हणाला, "चुकलं तर चुकलं, निदान रीत सोडली नाहीस." त्याने हे शाबासकी म्हणून म्हटलं. वाईट माणूस नाही तो. त्याला असंच शिकवलं आहे.

मी थेबेला बाजूला घेतलं. म्हटलं, मैदानावर हुद्दा नसतो. तो, बापाला हाक मारावी तसा, म्हणाला, "न्ताते, मैदानावर नसतो. पण सोमवारी असतो." मग म्हणाला, छावणीत अजून एका गोलकीपरची गोष्ट सांगतात, तो कॅप्टनवर ओरडला होता. नव्या शिपायांना पहिल्याच आठवड्यात सांगतात. गोष्टीत त्या गोलकीपरचं नाव नाही, पण त्याच्या बापाचं आहे.

मी त्याला मैदानाला दहा फेऱ्या मारायला लावल्या.

तुझ्या वेळी कॅप्टन ख्वेलेंची तक्रार होती आणि माझे हात बांधलेले होते. तुला हे समजत असेल असं मी धरून चालतो. हो किंवा नाही, एवढंच रापित्सोंकडे सांग.

मोखेले

मासेरू, ११ मार्च, सकाळ

लेफा,

रापित्सो रिकाम्या हाताने आले. म्हणाले, दुसरं पत्र तू वाचलंस. एका ओळीशी थांबलास, ती त्यांना वाचून दाखवलीस आणि हसलास. ओळ होती, "माझे हात बांधलेले होते." मग गिऱ्हाइकाचं चाक काढायला गेलास.

मी तुझ्या आईला विचारलं, यात हसण्यासारखं काय आहे? ती मोरोहोची पालेभाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमच्या बांधलेल्या हातांचं अक्षर फार सुंदर आहे हो."

तेव्हा मला कळलं की तिला माहीत आहे. तुलाही माहीत आहे. सहा वर्षं मी एकटाच झाकून बसलो होतो, आणि झाकायला काही उरलंच नव्हतं. तरीही ते मी कधी तोंडाने म्हटलेलं नाही, म्हणून आज लिहितो. यादी उद्या दुपारी जाते. तू यावंस म्हणून मी हे लिहितो आहे की लिहिल्याशिवाय आता राहवत नाही म्हणून, ते मला सांगता येणार नाही. दोन्ही असेल.

कॅप्टन ख्वेलेंनी तक्रार केली नव्हती.

लष्करी चषकाचा अंतिम सामना. शेवटची पाच मिनिटं. आपल्याच संघात बचावाला खेळणारे कॅप्टन तुझ्या समोर आडवे आले आणि तू ओरडलास, "कॅप्टन, हल गाढवा!" ते हलले, तू चेंडू पकडलास, आपण जिंकलो. मी रेषेजवळ उभा होतो. मी तुला म्हटलं, जीभ सांभाळ. आणि तू सगळ्या पलटणीसमोर मला म्हणालास, "न्ताते, तुम्ही मध्ये बोलू नका, मला चेंडू दिसत नाही." आठशे माणसं हसली. माझ्या हाताखाली ज्यांनी कधी दात दाखवले नव्हते ते हसले.

सामना संपल्यावर कॅप्टन माझ्याकडे आले. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सार्जंट मेजर, तुमच्या मुलाने मला गाढव म्हटलं, आणि मी होतोच." ते खूश होते. मी सॅल्यूट केला आणि कचेरीत जाऊन आरोपपत्र लिहिलं. वरिष्ठ अधिकाऱ्याचा अवमान. तक्रारदार म्हणून त्यांचं नाव घातलं. दुसऱ्या दिवशी सह्यांच्या गठ्ठ्यात, बुटांच्या मागणीच्या आणि रजेच्या अर्जांच्या मध्ये, तो कागद ठेवला. त्यांनी न वाचता सही केली. माझ्या हातचे कागद कुणी वाचत नसे, इतका माझ्यावर विश्वास होता.

तुला चौदा दिवस कोठडी झाली आणि मग नोकरी गेली. तू पुलावरून सरहद्दीपलीकडे गेलास त्या सकाळी तुझी आई पुलावर आली होती. मी भांडारात फुटबॉल मोजत होतो. एकोणीस होते. पुन्हा मोजले तरी एकोणीसच.

मला तुला धडा शिकवायचा होता, लेफा. कॅप्टनचा अवमान नव्हताच तो, अवमान माझा झाला होता. चौदा दिवसांनी तू येशील, मान खाली घालून "न्ताते, चुकलं" म्हणशील असं वाटलं. तू आलास तो पिशवी भरायला.

आणि आता बघ. त्या एका कागदाची गोष्ट झाली, ती छावणीत पहिल्या आठवड्यात सांगतात, आणि वीस वर्षांचा पोरगा गोलात उभा राहून परवानगी मागतो. कोचना दिलेल्या यादीत मी लिहिलं, गोलकीपर ओरडत नाही. का ओरडत नाही ते लिहिलं नाही.

ये. खेळायला ये, भांडायला ये, मला बाकावर बसलेला पाहून चार लोकांत गाढव म्हणायला ये. मी हात जोडतो. हे वाक्य लिहिताना तुझी आई मागे उभी राहून वाचते आहे आणि तिने किल्ली टेबलावर ठेवली आहे. तू फक्त हो म्हण. रापित्सो संध्याकाळच्या आत परत येतील, मी टॅक्सीतळावर उभा असेन.

तुझा बाप

मासेरू, १२ मार्च

यादी गेली. साडेअकरापर्यंत थांबवून धरली होती. तेविसाव्या जागी मैदानाजवळच्या शाळेतल्या पीटी मास्तरांचं नाव घातलं आहे. ते शाळेच्या संघात गोलकीपर होते म्हणे, एकोणीस वर्षांपूर्वी.

रापित्सो म्हणाले, तू काही बोलला नाहीस. पत्र वाचलंस, घडी घातलीस, दुकान उघडं टाकून कुठेतरी चालत गेलास. त्यांनी तासभर वाट पाहिली, मग प्रवासी ओरडू लागले.

मी आता खेळायला ये म्हणत नाही, ती वेळ गेली. सतरा तारखेला ब्लूमफाँटेनला नुसता ये. तुला दोन तासांचा रस्ता आहे. सामन्याआधी पाच मिनिटं थेबेला ओरडायचं कसं ते सांग. मला ते शिकवता येत नाही. मी ओरडायला लागलो की तो सावधान उभा राहतो. तिकीट रापित्सोंकडे ठेवलं आहे. माझ्याशी बोलावं लागणार नाही, मी बसमध्ये बसून राहीन.

मासेरू, १९ मार्च

लेफा,

निकाल तुला माहीत आहे. तरी माझ्या बाजूने काय दिसलं ते लिहितो, कारण शेवटी एक विचारायचं आहे.

सामन्याआधी मी ठरल्याप्रमाणे बसमध्ये बसून राहिलो. तीनला दहा मिनिटं असेपर्यंत कुणी आलं नाही. मग कोच मला घेऊन गेले.

एकविसाव्या मिनिटाला जे होणार म्हणून लिहून दिलं होतं तेच झालं. कॉर्नर, थेबेचं उघडं तोंड, मोहापीची उडी. दोघांच्या मधून त्यांच्या नऊ नंबरने डोकं घातलं आणि गोल. कोच लेतुकांनी माझ्याकडे पाहिलं. अहवाल खरा ठरल्याचं इतकं दुःख मला कधी झालं नव्हतं. मध्यंतरात थेबे कोपऱ्यात बसून बुटाची नाडी सोडत होता आणि पुन्हा बांधत होता. मी त्याच्यापर्यंत गेलो आणि तसाच परत आलो.

उत्तरार्धात बाजू बदलल्या. थेबे पलीकडच्या गोलात गेला. त्या गोलामागे आपली माणसं होती, खाणीतली, शेतावरची, ब्लँकेट पांघरून आलेली. गात होती. आणि त्या गाण्यातून एक आवाज आला.

"थेबे! तो सार्जंट नाही! तो पाच नंबर आहे!"

सहा वर्षं ऐकला नव्हता, पण ओळखायला एक क्षणही लागला नाही. मी मान वळवली नाही. वळवली असती आणि तू मला पाहून थांबला असतास तर? मी समोरच्या पाण्याच्या बाटल्यांकडे पाहत राहिलो.

"पाच नंबर आहे तो! नंबर वाच आणि ओरड!"

मग लोकांनी ते उचललं. सगळी बाजू म्हणू लागली, पाच नंबर, पाच नंबर. मोहापी गोंधळून आपलीच पाठ बघू लागला. पुढचा चेंडू उंच आला आणि मी थेबेचा आवाज पहिल्यांदा ऐकला. चिरका, फुटलेला, अजून मिसरूड न फुटल्यासारखा. "पाच! हट!" मोहापी हटला. सवयच आहे त्याला, हुकूम आला की हलायची, फक्त हुकूम कुणाचा आहे ते त्याला नंतर कळलं. थेबेने चेंडू दोन्ही हातांनी छातीशी धरला. त्यानंतर तो गप्पच बसेना. डाव्या बचावपटूला त्याने झोपेतून उठवलं. रेफ्रीलाही काहीतरी म्हणाला, त्याबद्दल पिवळं कार्ड मिळालं. पुढच्या चाळीस मिनिटांत आपल्यावर गोल झाला नाही.

पण आपल्यालाही करता आला नाही. एक शून्य. चेंडू दोनदा खांबाला लागला. तो दोष कोणत्याच यादीत नव्हता.

सामना संपल्यावर सगळे बसपाशी उभे होते. कुणी रडत होतं, कुणी बूट आपटत होतं. सार्जंट मोहापी माझ्याकडे आला. तो रागावला होता की नुसता हरलेला होता, कोण जाणे. म्हणाला, "सार्जंट मेजर, पोराने मला हजारो लोकांसमोर हट म्हटलं. उद्या छावणीत कागद द्यावा लागेल. तुमचं अक्षर चांगलं आहे, तुम्ही लिहून द्या."

थेबे शेजारीच होता. सोमवार आला होता.

मी म्हटलं, "सार्जंट, असा एक कागद मी लिहिला आहे. त्यात तक्रार खोटी होती, तक्रारदार खोटा होता. कॅप्टन ख्वेलेंना न सांगता त्यांची सही घेतली होती. आरोपी माझा मुलगा होता. आत्ता गोलामागून ओरडत होता तो. गोष्ट सांगायचीच असेल तर छावणीत आता ही सांग."

सगळ्यांसमोर म्हटलं. कोच होते, पोलिसातले होते. मोहापी थेबेकडे वळून म्हणाला, "पण दुसऱ्यांदा हट म्हणालास तेव्हा चेंडू माझा होता." थेबे म्हणाला, "नव्हता." पुढे साहेब हा शब्द लावला नाही. मोहापी बसमध्ये चढला.

मग मी पळालो, लेफा. एकसष्टाव्या वर्षी, गळ्यात शिट्टी, कुंपणाच्या कडेने, टॅक्सी उभ्या राहतात तिथपर्यंत. गर्दी एवढी होती की माणूस दिसेना. वेल्कोमच्या टॅक्सीत लोक चढत होते. मी ओरडलो. हुकूम द्यायला ओरडतात तसं नाही, तसलं ओरडणं मला येतं. हे वेगळंच निघालं. "लेफा!" एवढंच. दोनदा. लोकांनी वळून पाहिलं, एक बाई म्हणाली, "म्हाताऱ्याचं मूल हरवलं वाटतं."

टॅक्सीच्या दाराशी एक माणूस थांबला. पाठमोरा. खांदे तुझे होते, किंचित रुंद झालेले. तो वळला, हात वर केला, आणि आत बसला. दार लागलं.

मी तिथे उभा राहिलो. परत फिरलो तेव्हा कळलं की थेबे माझ्या मागे धावत आला होता. माझ्या दोन पावलं मागे उभा होता, आणि त्याचाही हात वर होता.

बसमध्ये सबंध रस्ताभर थेबे त्या हाताबद्दल सांगत होता. त्याला खात्री आहे की हात त्याला केला. तसं वाटणं साहजिक आहे, ओरडायला तू त्याला शिकवलंस. घरी येऊन तुझ्या आईला सांगितलं. तिने सगळं दोनदा ऐकलं, हात किती वर होता तेही दाखवायला लावलं. मग म्हणाली, "मला कशाला विचारता? त्याला विचारा." तुझा नंबर तिने या पाकिटाच्या मागे लिहून दिला आहे. मी तो अजून लावलेला नाही. आधी लिहून विचारतो, म्हणजे तुला उत्तर द्यायला वेळ मिळेल.

तो हात कुणाला केलास ते सांग. थेबेला असेल तर तसं सांग.

न्ताते